पोह्यातले शेंगदाणे

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझं नाव घेऊन सांगितलं, "इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी पोहे भरवायला लावतात, ही यांची कल्पना. आज बाहेरगावच्या संस्थासुद्धा ती शिकायला येतात." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले जुने देणगीदार कानाशी आले आणि म्हणाले, "तुमच्या आधी इथे एक बाई होती म्हणे. चळलेली. नोकरी मागायला आलेल्यांकडून फुकट खायची. तुम्ही आलात म्हणून संस्था रुळावर आली."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाही ठरवता आलं नाही. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

बाई फुकट खायच्या, ही गोष्ट नाशकात पहिल्यांदा मी बोललो. पोह्यांची कल्पना माझी, असं मी कधी म्हणालो नाही. लोक म्हणत गेले आणि मी ऐकत गेलो. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि त्या कशा पसरल्या हे नक्की माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय. माझं वय झालंय. म्हणून हे लिहितो.

सत्तरच्या दशकात आमची संस्था गंगापूर रस्त्याला, गावाबाहेर होती. कौलारू इमारत, पुढे मोठं अंगण, मागे द्राक्षांची बाग, ती दुसऱ्या कुणाची तरी. तेव्हा त्याला अपंगगृह म्हणायचे. ज्यांना घरी सांभाळणं जमत नव्हतं अशी मोठी माणसं तिथे राहत. कुणाचे पाय गेलेले, कुणाचे हात, कुणाला जन्मापासून अंगावर ताबा नाही. बाई तिथल्या अधीक्षक होत्या. ठेंगण्या, रुंद, हातात पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने काखेत काळी छत्री. त्यांच्या घरचा धंदा फुलांचा. मळ्यातली फुलं पहाटे फुलबाजारात आणून विकायची, हे त्यांनी लग्नाच्या वयापासून केलं होतं. लग्न मात्र केलं नाही. "गिऱ्हाईक आलं होतं, भाव पटला नाही," एवढंच त्या सांगायच्या.

मी तेव्हा एस.टी.वर हंगामी कंडक्टर होतो. नाशिक-सटाणा-नामपूर गाडीवर. हंगाम संपला आणि माझं नाव कमी झालं. पंचवटीत एका खोलीत बिऱ्हाड, बायको गरोदर. कुणीतरी सांगितलं की अपंगगृहाला वॉचमन हवाय. मी गेलो.

बाई ऑफिसात बसल्या होत्या. टेबलावर पोह्यांची झाकलेली बशी आणि चमचा.

"काय येतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाई. या कामाचा अनुभव नाही. वॉचमनची जागा असेल तर..."

"वॉचमन आहे. काही येत नाही असा माणूस मी अजून पाहिला नाही. आतापर्यंत काय करत होतास?"

"तिकिटं फाडत होतो."

"छान." त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि त्यावर बसल्या. "आता असं समज की माझे हात गेले. मला भूक लागलीय. भरव."

मला वाटलं बाई थट्टा करतायत. पण त्या तोंड मिटून, समोर बघत, नुसत्या बसून राहिल्या. मी बशी उचलली. उभ्याउभ्याच चमचा पुढे केला तशी त्यांना मान वर करावी लागली. मला ते बघवेना. गाडीत म्हातारं माणूस मान वर करून बोलायला लागलं की मी वाकायचो, तशी सवय होती. मी स्टूल ओढून समोर बसलो. चमचा भरला आणि थांबलो. पोह्यांत शेंगदाणे होते.

"शेंगदाणे चालतात का?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "का विचारलंस?"

"तसं काही नाही. विचारलं आपलं. गाडीत रोजचा माणूस असला, नामपूरलाच उतरणार हे ठाऊक असलं, तरी विचारावं लागतं ना, कुठलं तिकीट म्हणून. एखाद दिवशी सटाण्याला उतरायचं असतं."

बाईंनी मांडीखालचे हात काढले, बशी माझ्या हातातून घेतली आणि उरलेले पोहे स्वतः खाऊन टाकले. मग म्हणाल्या, "उद्यापासून ये, कंडक्टर."

त्या दिवसापासून मी कंडक्टर. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्या सगळ्यांना मागच्या धंद्याच्या नावाने हाक मारायच्या. देवळाली कॅम्पातल्या मेसमधून आलेला एक पोऱ्या होता, तो 'मेस'. शिवणकाम करणारी एक होती, ती 'टाका'. कुणी नवीन माणूस म्हणाला की मला नाव आहे, तर म्हणायच्या, "नाव तुला आईबापांनी दिलं. हे तू कमावलंयस."

पोह्यांमागचं कारण मला पुढे हळूहळू कळलं. बाई सरळ सांगायच्या नाहीत. पण नवीन माणूस येऊन गेला की आमच्यासमोर त्याची चिरफाड करायच्या. उभा राहून भरवलं की बसून? घास गिळल्याचं गळ्याकडे बघून ठरवलं, की बशीकडे बघून? तोंडाला लागलेलं पुसण्याआधी सांगितलं, की तोंड म्हणजे टेबल असल्यासारखं फडकं मारलं? आणि शेंगदाणे. आमच्याकडे अर्ध्या लोकांना शेंगदाण्याचा ठसका लागायचा, आणि उरलेल्या अर्ध्यांना शेंगदाण्याशिवाय पोहे म्हणजे शिक्षा वाटायची. म्हणून शेंगदाणे मुद्दाम घातलेले असत. जो न बघता भरवी तो नापास. जो सगळे निवडून बाजूला काढी तोही नापास. विचारणारा पास.

एकदा मुंबईच्या दवाखान्यात काम केलेला माणूस आला होता. स्वच्छ, हुशार, हात हलका. त्याने बघता बघता बशी भरवून संपवली. बाई म्हणाल्या, "उत्तम. आता सांगा, मला कांदा आवडतो का?" तो रिकाम्या बशीकडे बघू लागला. बाईंनी त्याला घेतलं. पण आधी आठवडाभर यमुनाच्या हाताखाली ठेवला. तो चांगला निघाला, अजून मला दिवाळीला भेटायला येतो.

यमुनाचं सांगायलाच हवं. ती नामपूरच्या कांदा मार्केटात कांदे निवडायची. नवरा वारला, म्हणून भावाकडे नाशकात आली होती. मुलाखतीला आली ती दारातच उभी राहिली.

"माले काहीच येत नही, बाई. कांदा निवडता येस, तेवढंच शे."

"कसा निवडतेस?"

"हातखाल घेतला का समजस. वरतून चांगला दिसस, आतून मऊ व्हयेल ऱ्हास."

बाई खुर्चीतून उठल्याच. पोहे भरवायचे राहिलेच त्या दिवशी. तिला हाताला धरून आत वॉर्डात घेऊन गेल्या. आमच्याकडे दिवसच्या दिवस एका कुशीवर पडून राहणारी माणसं होती. त्यांच्या माकडहाडावर, टाचेवर जखमा व्हायच्या. त्या वर दिसेपर्यंत आत सगळं सडलेलं असायचं. आम्ही पावडर लावायचो, कूस बदलायचो, तरी एखादी जखम नजर चुकवून जायचीच. यमुनाने एकेकाच्या कमरेवरून हात फिरवला. बोटांनी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. एकापाशी थांबली. "इथे शे," म्हणाली. वरून कातडी नुसती थोडी लाल होती. आम्ही त्या माणसाला त्या कुशीवर पुन्हा झोपू दिलं नाही, आणि ती जखम झालीच नाही. पुढे डॉक्टर आले की आधी विचारायचे, "कांदेवाल्या बाई आहेत का?" यमुना खूश व्हायची. घरी जाताना पदर झटकून म्हणायची, "कांदाना वास गया, पण कांदा काही सुटना नही."

बाई फुलबाजारातल्या होत्या ना, त्यांनी स्वतःचंही असंच केलं होतं. माणसाला उचलायचं कसं ते आम्हाला शिकवताना त्या गुलाबाची जुडी घेऊन उभ्या राहायच्या. "पाकळीला कोण धरतं? देठाला धरायचं. माणसाला दंडाला धरून ओढू नका रे. खालून हात घाला, अंगाशी घ्या, मग उचला." उचलणं मला जमायचं. धावत्या गाडीत दांड्याला पाठ लावून, पाय फाकवून उभं राहायची सवय होती. कुणी अंगावर रेललं तरी तोल जात नसे. बाई इतरांना म्हणायच्या, "कंडक्टरचे पाय बघा. गाडी थांबली तरी याचे पाय घाटातच आहेत."

माणसं शोधायला त्या सीबीएसवर, मोठ्या एस.टी. स्टँडवर, जाऊन बसायच्या. बाकावर छत्री टेकून, फुटाणे खात. कोण म्हातारीचं बोचकं न सांगता उचलतो, कोण कडेवरचं मूल सांभाळत सुट्टे मोजतो, कोण गर्दीत दुसऱ्याच्या पायावर पाय न देता चालतो. आवडला की सरळ जाऊन विचारायच्या, "नोकरी करतोस का?" लोक घाबरायचे. एकदा एकाने पोलिसाला बोलावलं होतं.

आणि छत्री. आमच्याकडे 'बिचारा' या शब्दाला बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने उरलेला दिवस घरात उघडी छत्री धरून फिरायचं. वॉर्डात, स्वयंपाकघरात, जेवताना. रहिवासी टपून बसलेले असायचे. सगळ्यात टपलेला पुंजाभाऊ.

पुंजाभाऊ गिरणाऱ्याकडचा. पत्रे बसवताना छपरावरून पडला आणि मानेखाली सगळं गेलं. तिशीतला माणूस. आला तेव्हा जेवेना. कुणीही चमचा पुढे केला की तोंड फिरवायचा. त्याचा भाऊ त्याला आमच्याकडे सोडून गेला होता. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सिव्हिलला हलवावं लागेल आणि तिथून हा परत येणार नाही. बाई माझ्याकडे वळल्या. "कंडक्टर, हा तुझ्या गाडीतला प्रवासी."

मी बशी घेऊन त्याच्यासमोर बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी तोंडातून निघालं ते रोजचंच.

"बोला भाऊ, कुठलं तिकीट?"

त्याने डोळे उघडले. "काय?"

"आमटी, भाजी, भाकरी. कुठून सुरुवात?"

"तुला काय करायचं हाय?"

"मला काही नाही. गाडी तुमची."

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "भाकर कुस्कर. आमटीत. अन् चमच्यानं नको, माझ्या आईसारखं हातानं." मी हात धुवून आलो आणि काला केला. तो खाऊ लागला. मधेच थांबून म्हणाला, "लय मोठा घास करतो राव तू. तिकीट फाडतो का भाकर?" बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी छत्री उघडली, मिटली आणि निघून गेल्या. आनंद झाला की त्या तसंच करायच्या.

पुंजाभाऊ पुढे वर्षानुवर्षं जगला. संस्थेचा न्यायाधीशच झाला. "बाई, मेस बिचारा म्हणाला!" असं खाटेवरून ओरडायचा आणि मेस छत्री धरून आमटी वाढायचा.

आता त्या दिवसाकडे येतो.

ऐंशीचं दशक उजाडलं होतं. संस्थेला सरकारी अनुदान मिळायची शक्यता दिसू लागली होती. नवे अध्यक्ष आले. पेन्शन घेतलेले अधिकारी, नीटनेटके, वाईट माणूस मुळीच नव्हेत. पहिल्याच भेटीत वॉर्डातून फिरताना पुंजाभाऊच्या खाटेपाशी थांबले आणि हळहळून म्हणाले, "अरेरे. बिचारा."

पुंजाभाऊने बोंब मारली. "बाई! छत्री!"

आम्हाला वाटलं, बाई आज सोडून देतील. बाईंनी छत्री उघडली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. नियम समजावून सांगितला. अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मग कळलं की गंमत नाही. ऑफिसपर्यंत, चहा होईपर्यंत, मोटारीपर्यंत ते उघडी छत्री धरून चालले. मोटारीपाशी त्यांनी छत्री बाईंना परत दिली तेव्हा चेहरा लाल झाला होता. बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जाते."

त्यानंतर महिन्याभरातच अध्यक्षांनी बैठक बोलावली. विषय एकच. इथे सगळी माणसं अनुभव नसलेली आहेत, कुणाकडे दाखला नाही. अधीक्षक नेमणुका कशा करतात, याची माहिती घ्यायची. ज्यांच्याकडे अनुभव नाही त्यांना कमी करावं, असं त्यांच्या मनात आहे, हे आमच्या कानावर आलं होतं. म्हणजे यमुना, मेस, टाका आणि मी. माझी मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती.

आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. "उद्या तू बोल. पोहे का, ते सांग. माझं तोंड उघडलं की माणसं चिडतात. तुला गाडीभर माणसांसमोर बोलायची सवय आहे."

"सांगतो, बाई."

ऑफिसात कार्यकारिणीची मंडळी गोल बसली होती. बाई एका बाजूला, छत्री मांडीवर. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्हाला नोकरी देताना यांनी पोहे भरवायला लावले, हे खरं?"

"हो साहेब."

"स्वतःला?"

"हो."

"प्रत्येक उमेदवाराला असंच?"

"हो साहेब."

"मग इतके पोहे जातात कुठे?"

इथे मला सांगता आलं असतं. शेंगदाणे, स्टूल, गिळण्याची वाट बघणं, सगळं मला पाठ होतं. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. ते हसायच्या बेतात होते. गाडीत कुणी चिडलं की मी विनोद करायचो, मग सगळी गाडी हसायची आणि भांडण मिटायचं. तीच जुनी सवय. मला वाटलं, हसले की माझी नोकरी वाचली.

"बाईंच्या पोटात, साहेब," मी म्हणालो. "नोकरी कुणाला मिळो न मिळो, नाश्ता त्यांचा होतोच."

सगळे खो खो हसले. अध्यक्षही हसले. बाईसुद्धा हसल्या, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "झालं, याहून वेगळं काय विचारायचं?" आणि मला जायला सांगितलं. मी गेलो. दारातून परत वळून बोलता आलं असतं. मी नाही वळलो.

त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा दिला. आम्हाला निरोपाचं काही करू दिलं नाही. अंगणात यमुनाला मिठी मारली, पुंजाभाऊच्या डोक्यावर टपली मारली. मला म्हणाल्या, "विनोद बरा होता, कंडक्टर. पण घास घाईत दिलास." छत्री मात्र खुंटीला तशीच ठेवून गेल्या.

तो विनोद गावभर गेला. फुलबाजारातसुद्धा लोक बाईंना बघून म्हणायचे, "नाश्ता झाला का?" मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आमच्यापैकी कुणालाही काढलं नाही. मला वाटलं, माझ्या विनोदाने गाडी शांत झाली. खरं काय ते अध्यक्षांनी मला पुष्कळ वर्षांनी, ते आजारी असताना सांगितलं. "तुमच्या बाईंनी एकच अट घातली होती. मी जाते, पण यातल्या एकालाही हात लावायचा नाही. मी कबूल केलं. मला तर फक्त त्यांना घालवायचं होतं."

बाईंच्या जागी दाखलेवाले गृहस्थ आले. सज्जन होते. वर्षभर राहिले आणि कंटाळून गेले. दुसरं कुणी यायला तयार होईना, म्हणून कारभार माझ्याकडे आला. पहिला उमेदवार समोर बसला, रसवंतीवर काम केलेला मुलगा. म्हणाला, "साहेब, मला काही येत नाही." माझे हात आपोआप मांड्यांखाली गेले. मी स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, "पोहे आणा. शेंगदाणे घालून."

तो मुलगा नापास झाला, पण दुसऱ्या दिवशी परत आला आणि पास झाला. मग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक आला. कुणाचा श्वास कसा चाललाय ते तो लांबून ओळखायचा. मग फुलं विकणारी एक मुलगी. पाहुणे यायचे, बघायचे, म्हणायचे, "काय कल्पना आहे तुमची!" आणि मी मान हलवायचो. आताच्या समारंभात हलवली तशीच.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यमुनाने मला सांगितलं की बाईंना अर्धांगवायू झालाय. मखमलाबादकडे भाच्याच्या मळ्यात असतात. कुणाच्या हातचं खात नाहीत, भाचेसुनेला नको नको झालंय. मी त्या रात्री झोपलो नाही असं म्हणणार नाही. झोपलो. पण सकाळी उठून बायकोला पोहे करायला सांगितले. "शेंगदाणे नको," म्हणालो. अर्धांगवायूत ठसक्याची भीती, हे मी आता लोकांना शिकवत होतो.

मळ्यात झेंडू फुलला होता. पडवीत बाई खाटेवर उशांना टेकून बसवल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. भाचेसून म्हणाली, "आत्याबाई, कोण आलंय बघा." मला वाटलं, ओळखणार नाहीत.

"कंडक्टर," बाई म्हणाल्या. शब्द जड होते, पण स्पष्ट. "बस. खाली बस."

मी स्टूल ओढलं. डबा उघडला. माझ्या मनात वर्षानुवर्षं साठलेलं सगळं एकदम वर आलं. "बाई, त्या दिवशी बैठकीत मी..."

"खाताना बोलू नये. ठसका लागतो."

"पण बाई..."

"भरव."

मी चमचा भरला. घास लहान घेतला. त्यांच्या गळ्याकडे बघितलं. गिळल्यावर थांबलो. दुसरा घास दिला. मला वाटलं, मी आता सगळं बरोबर करतोय. तिसऱ्या घासाला बाईंनी तोंड मिटलं.

"शेंगदाणे कुठायत?"

"काढायला सांगितले, बाई. तुम्हाला ठसका लागू नये म्हणून."

"डाव्या बाजूने चावता येतं मला." त्यांनी जरा दम खाल्ला. "मला विचारलंस?"

मी भरलेला चमचा डब्यात परत ठेवला.

"नापास," बाई म्हणाल्या. ओढलेल्या तोंडाची चांगली बाजू हसली. "तेव्हाही विचारलं नाहीस. बाई, हे सांगू का, म्हणून. माझ्याकडे बघितलं पण नाहीस. नापास."

भाचेसून घाबरून माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते बाईंना दिसलं.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नापास झालेला परत येऊ शकतो. अजून भरती करतोस ना?"

"करतो, बाई. तुमच्याच पद्धतीने."

"कोण कोण आलं?"

मी त्यांना सांगितलं. रसवंतीवाला, क्लॅरिनेटवाला, फुलवाली. फुलवालीचं ऐकून त्यांनी डावा हात थोडा उचलला, जणू छत्री उघडायची होती. "देठाला धरते?" त्यांनी विचारलं. "देठालाच," मी म्हणालो. "आम्ही सगळे तसंच धरतो."

त्या आणखी काही काळ जगल्या. मी जात राहिलो. त्यांची भाचेसून माझ्याकडूनच शिकली. पुढे तिने आमच्याकडे नोकरी केली आणि आज तिच्या हाताखाली नवीन माणसं तयार होतात. छत्री अजून आमच्या जेवणघरात खुंटीला आहे. समारंभात ती कुणी दाखवली नाही. या लेखानंतर ती दाखवावी आणि ती कुणाची ते सांगावं, एवढंच माझं मागणं आहे.

त्या दुसऱ्या दिवशीचं सांगतो आणि थांबतो. मी पोहे नेले आणि शेंगदाणे वेगळ्या पुडीत नेले. बाई पडवीत वाट बघत होत्या, भाचेसुनेने सांगितलं की सकाळपासून काही घेतलं नव्हतं. मी स्टूल ओढलं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसलो आणि पुडी उघडून समोर धरली.

"बोला बाई," मी म्हणालो. "शेंगदाणे?"

बाईंनी पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला चांगलं ताटकळत ठेवलं. मग तोंड उघडलं.